कमाईच्या खेळाचे डेव्हलपर गप्प आहेत. आपण त्यांच्याकडे नेमके काय मागावे?

शहापूरकर
नमस्कार मंडळी. खेळता खेळता चार पैसे मिळतात म्हणून आपल्या भागातील कितीतरी जणांनी जो ब्लॉकचेनवरचा (म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक डिजिटल नोंदवहीवर चालणारा) खेळ धरला, त्याची सध्या काय अवस्था आहे हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे. खेळाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एका कंपनीला बदनाम करणे हा धाग्याचा हेतू नाही. ताज्या अपडेटनंतर रोजच्या लढतींचे बक्षीस एकतृतीयांशावर आले, नवी पात्रे तयार करण्याचा खर्च मात्र आहे तेवढाच राहिला, आणि मिळालेली टोकन (बक्षिसाची, बाजारात विकता येणारी डिजिटल नाणी) वॉलेटमध्ये, म्हणजे आपल्या डिजिटल पाकिटात, उचलण्यासाठी सात दिवस थांबावे लागत होते ते आता एकवीस दिवस झाले. ही घोषणा रात्री उशिरा डिस्कॉर्डवर, म्हणजे खेळाडूंच्या गप्पांच्या मंचावर, टाकली गेली, तिच्याखाली उत्तर लिहिण्याची सोय बंद ठेवली गेली, आणि सर्वसाधारण गटात ज्यांनी प्रश्न विचारले त्यांना गप्प करण्यात आले. मीही त्यांपैकी एक. मी कोणाला अपशब्द वापरला नव्हता. टीमच्या वाट्याची टोकन या घोषणेच्या आधी विकली गेली का, एवढेच मी विचारले होते.

टोकनचा भाव पडला याचा राग माझ्या मनात नाही. भाव खाली-वर होणार हे धरूनच आपण उतरलो होतो. ज्यांच्या हातात नियम बदलण्याचा अधिकार आहे, ते नियम का बदलले हे सांगत नाहीत आणि स्वतःचा व्यवहार उघडही करत नाहीत, याचा राग आहे. म्हणून विचारतो, आपण सगळ्यांनी मिळून काही मागायचे ठरवले, तर काय मागावे? नुसते ‘पैसे परत द्या’ असे लिहून काही हाती लागेल असे मला वाटत नाही. अनुभव लिहा, मतभेद असतील तर तेही लिहा, फक्त शिवीगाळ नको.

वडगाव_माग
शहापूरकर, धागा काढलात हे फार बरे झाले. आमच्या गल्लीत वीज गेली की माग थांबतात, आणि तेवढ्या वेळात मागावरची मुले हाच खेळ उघडून बसत. घरी दोन लहान पॉवरलूम आहेत, त्यामुळे कामाचा मोबदला हातात कधी पडतो याचे महत्त्व मला कोणी सांगायला नको. एकवीस दिवसांचा नियम मला बक्षीस कमी झाल्यापेक्षा जास्त लागला आहे. बक्षीस उचलण्याचे बटण पूर्वी हिरवे असायचे. आता ते करडे असते आणि त्याखाली उरलेल्या दिवसांचा आकडा दिसतो. लढत जिंकली त्या दिवशी टोकनचा भाव एक असतो, आणि बटण पुन्हा हिरवे होते तोवर त्यातला निम्मा उरलेला नसतो. यावर कहर म्हणजे हा नियम आधीच मिळवून ठेवलेल्या बक्षिसालाही लावला. पुढच्या कामाची मजुरी कमी करणे मी एक वेळ समजू शकतो. झालेल्या कामाची मजुरी अडवून ठेवणे मला मान्य नाही.

उद्यमबाग
इथली बहुतेक मंडळी माझ्या मुलांच्या वयाची आहेत, म्हणून जरा स्पष्ट लिहितो, राग मानू नये. माझे आयुष्य फाउंड्रीत गेले. कोणताही धंदा पाहिला की पैसा कुठून येतो हा प्रश्न मी आधी विचारतो. या खेळात जाहिरातीचे उत्पन्न नव्हते, खेळ आवडतो म्हणून पैसे मोजणारा प्रेक्षकही फारसा नव्हता. नवीन माणूस आत येताना पात्रे विकत घेत होता आणि त्याच्या पैशावर जुन्याला परतावा मिळत होता. आपल्याकडे भिशी चालते, तिच्यात बारा माणसे असली तर बारा हप्ते आणि बारा पाळ्या, कोणाची पाळी कधी येणार हे पहिल्या दिवशी ठरलेले. या खेळात पाळ्या किती आणि माणसे किती हेच कोणी ठरवलेले नव्हते. असे असताना डेव्हलपरांना दोष देऊन काय साधणार? त्यांनी अटी लिहून दिल्या होत्या आणि टोकनला किंमत राहीलच असे वचन कुठेही दिलेले नव्हते. त्या अटी वाचल्यावरच मी माझ्या मुलाला या खेळापासून दूर ठेवले.

शहापूरकर
काका, पैसा कुठून येतो याबद्दल तुम्ही लिहिले ते खरे आहे. पण भिशी चालवणारा माणूस मध्येच हप्ता वाढवत नाही, आणि वाढवला तर त्याला दारात जाऊन विचारता येते. अटींमध्ये ‘आम्ही केव्हाही बदल करू शकतो’ असे लिहिलेले असते हे मला मान्य आहे. तरीही बदलण्याचा अधिकार असणे आणि न सांगता बदलणे यांत फरक आहे, आणि माझा आक्षेप न सांगता बदलण्याला आहे.

कणकुंबी_बंगळूर
मी मूळचा खानापूर तालुक्यातला, सध्या बंगळूरमध्ये एका गेम स्टुडिओत बॅकएंडचे काम करतो. आमचा स्टुडिओ ब्लॉकचेनचे खेळ करत नाही, पण माझे काही सहकारी त्या क्षेत्रातून आलेले आहेत. दोन्ही बाजू थोड्याफार माहीत असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

या प्रकारच्या खेळांचा सर्वांत मोठा नमुना म्हणजे अ‍ॅक्सी इन्फिनिटी. व्हिएतनाममधील स्काय मेव्हिस या कंपनीचा तो खेळ. त्यात दोन टोकन होती. एएक्सएस हे मालकीचे आणि मतदानाचे टोकन, त्याची संख्या २७ कोटींवर बांधलेली. दुसरे एसएलपी हे बक्षिसाचे टोकन, त्याच्या संख्येला मर्यादाच नव्हती. लढती जिंकल्या की नवे एसएलपी तयार होत, आणि ते जळून नाहीसे होण्याचा मुख्य मार्ग म्हणजे खेळातल्या नव्या प्राण्यांची, म्हणजे अ‍ॅक्सींची पैदास. पैदास कोण करणार? ज्याला नव्या खेळाडूला अ‍ॅक्सी विकायची आहे तो. म्हणजे नवे खेळाडू येत राहिले तरच टोकन जळणार. २०२१ च्या जुलैमध्ये एसएलपीचा भाव ३० सेंटच्या वर होता, आणि तेव्हा फिलिपिन्समध्ये कित्येक घरे या खेळावर चालत होती. पुढे नव्या खेळाडूंचा ओघ आटला, पैदास मंदावली, रोजचे एसएलपी मात्र तयार होतच राहिले, आणि २०२२ च्या सुरुवातीला भाव एका सेंटच्या आसपास आला. त्या फेब्रुवारीत कंपनीने साहस विभागातून आणि रोजच्या कामांतून मिळणारे एसएलपी पूर्ण बंद केले. भाव थोडे दिवस वर चढला आणि पुन्हा कोसळला.

आपल्या खेळाचे डेव्हलपर सध्या जे करत आहेत ते याच वाटेने चालले आहे. बक्षीस कमी करणे हा त्यांचा दुष्टपणा आहे असे मला वाटत नाही. त्यांनी ते केले नसते तर टोकन आणखी लवकर मातीमोल झाले असते. माझा आक्षेप वेगळा आहे. हे होणार हे गणित मांडणाऱ्याला पहिल्या दिवशीच दिसते, आणि तरीही जाहिरात करताना ‘महिन्याला इतके कमवा’ असे सांगितले गेले.

वेदगंगा
मी निपाणीची. इथे सगळे गुंतवणूकदारांच्या बाजूने बोलत आहेत, म्हणून वेगळी बाजू मांडते. मी या खेळात एक रुपयाही घातलेला नव्हता. पुण्यातील एका मॅनेजरची, म्हणजे पात्रे विकत घेऊन दुसऱ्यांना खेळायला देणाऱ्याची, पात्रे घेऊन मी खेळत असे. मिळालेल्या टोकनांपैकी साठ टक्के त्यांचे, चाळीस टक्के माझे, असा व्यवहार ठरला होता. टोकन आधी त्यांच्या वॉलेटमध्ये जात आणि ते नंतर मला रुपये पाठवत. माझी आई विड्या वळते. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीशी मी माझ्या रोजच्या कमाईची तुलना करत असे, आणि काही महिने माझी कमाई जास्त होती. कॉलेजची फी त्यातूनच भरली.

अपडेट आले तेव्हा बक्षीस एकतृतीयांश झाले, पण मॅनेजरने ठरवून दिलेला रोजचा कोटा तोच राहिला. तो पूर्ण करायचा तर पूर्वीच्या तिप्पट लढती खेळाव्या लागत होत्या. नंतर त्यांनी पात्रे विकायला काढली आणि माझा पासवर्ड बदलला. एकवीस दिवसांच्या नियमात अडकलेले माझे चाळीस टक्के त्यांच्याच खात्यात राहिले. फोन उचलत नाहीत.

उद्यमबाग काका म्हणतात की अटी लिहून दिल्या होत्या. त्या अटी मॅनेजर आणि कंपनी यांच्यातल्या होत्या. मी कोणत्याही अटींवर सही केलेली नव्हती, आणि कंपनीच्या नोंदीत मी कुठेच नाही. तुमच्याकडे निदान न विकली जाणारी पात्रे तरी शिल्लक आहेत. माझे काम गेले, आणि ते काम मी केले होते याचा पुरावासुद्धा माझ्या हातात नाही.

वडगाव_माग
वेदगंगा ताई, हे वाचून फार वाईट वाटले. आमच्या गल्लीतही दोघे जण असेच दुसऱ्याच्या खात्यावर खेळत होते, त्यांचा विचार मी लिहिताना केलाच नव्हता. आपण मागण्या लिहिणार असू, तर तुमची मागणी आधी असावी.

किल्लातलाव
मी माझी पात्रे बाजारात लावून ठेवली आहेत. सर्वांत कमी भाव लावला, तोही कमी केला, तरी घेणारा नाही. पडद्यावर दिसणारी ‘किमान किंमत’ ही विकणाऱ्याने मागितलेली किंमत असते. ती देणारा कोणी आहे की नाही हे त्या आकड्यावरून कळत नाही. नवीन वाचणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

उद्यमबाग
वेदगंगा बाळा, तुझा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. पैसे घालणाऱ्याने जोखीम घेतली असे मी म्हणतो, ते तुला लागू होत नाही. तुझे पैसे त्या पुण्याच्या माणसाकडून येणे आहेत आणि त्याच्याकडूनच ते मागितले पाहिजेत. व्यवहाराचे चॅट, त्याने पूर्वी पाठवलेल्या रकमांच्या बँकेतील नोंदी आणि कोटा ठरवल्याचे मेसेज यांतले काहीही डिलीट करू नकोस.

मलप्रभाकाठ
मी बेळगावात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. वकील नाही, त्यामुळे हे सल्ला म्हणून न घेता माहिती म्हणून घ्यावे.

काकांनी सांगितले ते अगदी योग्य आहे. वेदगंगा यांचे प्रकरण आपल्या सगळ्यांच्या प्रकरणांहून कायद्याच्या दृष्टीने सोपे आहे, कारण समोरचा माणूस भारतात आहे, त्याचा बँक खात्याचा पत्ता आहे आणि काम व मोबदला यांचा व्यवहार चॅटमध्ये लिहिलेला आहे. आधी त्यांनी त्याला लेखी मागणी पाठवावी आणि ती पोहोचल्याचा पुरावा ठेवावा. त्याने फसवण्याच्या हेतूनेच खाते बंद केले असे दिसत असेल, तर राष्ट्रीय सायबर तक्रार पोर्टल आणि १९३० हा क्रमांक आहेच, शिवाय आपल्या जिल्ह्याच्या सीईएन (सायबर, आर्थिक व अमली पदार्थ गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यातही जाता येते. माझ्या ओळखीच्या एकाने तक्रारीचा मजकूर कन्नडमध्ये टंकून नेला होता, त्यामुळे त्याचे काम बरेच सोपे झाले. ज्यांना कन्नड लिहिता येत नाही त्यांना मी मदत करीन.

आता कंपनीविषयी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. अडचण पुढे आहे. कंपनी परदेशात नोंदलेली, अटींमध्ये वाद परदेशी लवादापुढे न्यावेत असे कलम, आणि नफ्यासाठी केलेली खरेदी ‘व्यापारी हेतूची’ ठरवली जाण्याची शक्यता. आयोगाने आदेश दिला तरी परदेशातील कंपनीकडून त्याची अंमलबजावणी कशी करून घेणार हा प्रश्न उरतोच. भाव पडला एवढ्यावरून तर फसवणूक सिद्ध होत नाही.

चंदगडी
मी सीमेच्या अलीकडचा, म्हणजे महाराष्ट्रातला, पण कामाला रोज बेळगावला येतो. एक शंका आहे. कर्नाटकात ऑनलाइन खेळांवर बंदी आली होती ना? तेव्हा निपाणीचे माझे मित्र कोगनोळीचा नाका ओलांडून कागलच्या बाजूला येत आणि तिथे थांबून पैशांचे खेळ खेळत, कारण अ‍ॅप फोनचे ठिकाण तपासत असे. आपला हा खेळ मात्र तेव्हाही सगळीकडे चालू होता. तो कायदेशीर होता म्हणून, की कोणाचे लक्षच नव्हते म्हणून?

मलप्रभाकाठ
चांगला प्रश्न आहे. कर्नाटकाने २०२१ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली होती. उच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या दुरुस्तीतील मुख्य तरतुदी रद्द केल्या. भारतात कार्यालय असलेल्या कंपन्यांनी मधल्या काळात कर्नाटकातील सेवा थांबवल्या, म्हणून तुमच्या मित्रांना नाका ओलांडावा लागला. परदेशातून चालणाऱ्या आपल्या खेळाला तसे थांबवणारे कोणी नव्हते.

आता केंद्राचाच कायदा आला आहे, त्यामुळे नाक्याच्या कोणत्याही बाजूला तोच लागू. ऑनलाइन गेमिंगविषयीच्या या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे किंवा पैशांत बदलता येणारी टोकन, नाणी वा आभासी वस्तू लावून, त्यातून आर्थिक लाभाच्या अपेक्षेने खेळले जाणारे खेळ देऊ करणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे पैसे वळते करणे यांवर त्यात बंदी आहे. शिक्षा खेळणाऱ्याला नाही, खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे वळते करणाऱ्याला आहे. आपल्यासारखा खेळ या व्याख्येत बसतो असे माझे वाचन आहे. म्हणूनच विनंती करतो की या खेळात नव्या माणसांना आणण्यासाठी कोणीही रेफरल लिंक टाकू नये. त्याला जाहिरात म्हटले जाऊ शकते.

चिकोडीकर
मी करसल्लागाराच्या कार्यालयात काम करतो, म्हणून कराचा मुद्दा मांडतो. आपल्या खेळाडूंना याचा फटका नुकसानीच्या वर्षातच बसतो आहे. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. मुख्य अडचण पुढची आहे. एका टोकनातील तोटा दुसऱ्या टोकनातील नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. पात्रांमध्ये तोटा आणि बक्षिसाच्या टोकनमध्ये नफा असेल, तर नफ्यावर पूर्ण कर भरावा लागतो. पुष्कळ जण ‘एकूण तोटाच झाला आहे, मग विवरणपत्रात काय दाखवायचे’ असे म्हणतात. टीडीएस कापला गेलेला असतो, म्हणजे व्यवहाराची नोंद आयकर खात्याकडे पोहोचलेली असते. वॉलेटचा सगळा इतिहास उतरवून ठेवावा. सर्व्हर बंद पडला तर खेळाच्या संकेतस्थळावरील तुमची व्यवहारयादी मिळणार नाही.

किल्लातलाव
सर्व्हर बंद पडला तर आपल्या पात्रांचे काय होते? ती ब्लॉकचेनवर कायमची आपली, असे सांगितले होते.

कणकुंबी_बंगळूर
ब्लॉकचेनवर जे असते ते म्हणजे ‘अमुक क्रमांकाचे टोकन अमुक वॉलेटचे आहे’ एवढी नोंद. ती नोंद राहील. पात्राचे चित्र, त्याची ताकद, लढतीचे नियम आणि कोण जिंकले हे ठरवणारा प्रोग्रॅम यांपैकी बहुतेक सगळे कंपनीच्या सर्व्हरवर असते. चित्राचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळाचा असेल, तर ते संकेतस्थळ बंद झाल्यावर वॉलेटमध्ये रिकामी चौकट दिसेल. आपल्या खेळाबाबत हे तपासणे अवघड नाही. एक्सप्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेनच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, पात्राचा करार (ब्लॉकचेनवर ठेवलेला प्रोग्रॅम) उघडा, त्यातील टोकनच्या माहितीचा दुवा पाहा, तो कुठे नेतो ते कळेल. मी पाहिले, तो कंपनीच्या सर्व्हरकडेच जातो. शिवाय तो करार बदलता येण्याजोगा ठेवलेला आहे, आणि बदलण्याची चावी एकाच वॉलेटकडे आहे.

शहापूरकर यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही याच ठिकाणी काही प्रमाणात मिळते. टीमला आणि सुरुवातीच्या गुंतवणूकदारांना दिलेली टोकन ठरावीक वेळापत्रकाने मोकळी होतात. अ‍ॅक्सीच्या बाबतीत एएक्सएसचा २१ टक्के वाटा टीमचा होता आणि तो कसा मोकळा होणार हे त्यांनी श्वेतपत्रिकेत, म्हणजे योजनेच्या जाहीर दस्तऐवजात, छापले होते. आपल्या कंपनीच्या श्वेतपत्रिकेत वाटा दिला आहे, पण तो कोणत्या वॉलेटमध्ये ठेवला आहे हे दिलेले नाही. त्यामुळे मोठी विक्री झाली की ती टीमची की आणखी कोणाची, हे बाहेरून ठरवता येत नाही.

एक विनंती करून थांबतो. डिस्कॉर्डवर आपल्याला गप्प करणारा मॉडरेटर हा बहुधा स्वयंसेवक किंवा अगदी कमी पगारावरचा माणूस असतो. निर्णय त्याचे नसतात. कंपनीची गंगाजळी तिच्याच टोकनमध्ये असेल, तर भाव पडल्यावर पगार निघत नाहीत, पगारासाठी टोकन विकली तर भाव आणखी पडतो, आणि पहिली कुऱ्हाड अशाच माणसांवर पडते. त्याच्या घरच्यांना मेसेज पाठवण्यापर्यंत काही खेळाडू गेले आहेत. ते थांबले पाहिजे.

वडगाव_माग
शेवटच्या विनंतीशी मी सहमत आहे. पण पगार निघत नाहीत हेही कंपनीने सांगितलेले नाही, ते आपण अंदाजाने बोलत आहोत. ‘आमच्याकडे आठ महिन्यांचा खर्च भागेल एवढा पैसा आहे’ किंवा ‘नाही’, असे एक वाक्य त्यांनी लिहिले असते, तर कितीतरी जणांनी आपला निर्णय शांतपणे घेतला असता. बारा माणसांच्या टीममधील किती उरली आहेत हे आपल्याला नोकरीच्या संकेतस्थळांवर त्यांची पाने पाहून शोधावे लागते, ही काय पद्धत झाली?

उद्यमबाग
तोट्यात गेलेली कंपनी ‘आम्ही तोट्यात आहोत’ असे कधी जाहीर करते का? जाहीर केले की त्याच दिवशी उरलेलेही पळतील. तुम्ही त्यांच्याकडून जे मागत आहात ते कोणताही मालक देणार नाही.

कणकुंबी_बंगळूर
काका, याला एक उदाहरण आहे. २३ मार्च २०२२ रोजी अ‍ॅक्सीच्या रोनिन ब्रिजमधून, म्हणजे एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर पैसे नेण्याच्या दुव्यातून, १,७३,६०० इथर (इथेरियमचे नाणे) आणि २.५५ कोटी यूएसडीसी (डॉलरशी बांधलेले टोकन) चोरीला गेले. व्यवहार मंजूर करण्यासाठी नऊपैकी पाच सह्या लागत होत्या आणि चोरांनी पाच मिळवल्या. त्यांतली एक सही मिळाली ती कंपनीला नोव्हेंबर २०२१ मध्ये तात्पुरत्या दिलेल्या परवानगीतून. काम संपल्यावर ती परवानगी काढून घेण्याचे राहून गेले होते. चोरी झाल्याचे कंपनीला कळले २९ मार्चला, तेही एका खेळाडूला आपले पैसे काढता येईनात म्हणून. एफबीआयने पुढे यामागे उत्तर कोरियाचा लझारस गट असल्याचे सांगितले.

निष्काळजीपणा मोठाच होता. परंतु कंपनीने वर लिहिलेले सगळे तपशील स्वतः लेखी प्रसिद्ध केले, १५ कोटी डॉलर नव्याने उभे केले आणि जूनअखेर ब्रिज पुन्हा सुरू करून खेळाडूंना पैसे काढता येतील अशी व्यवस्था केली. टोकनचा भाव त्याने सावरला नाही. पण काय घडले, कोणामुळे घडले आणि पुढे काय करणार हे खेळाडूंना वाचायला मिळाले. एवढ्या मोठ्या नामुष्कीनंतर लेखी हिशेब देता येतो, तर बक्षीस कमी करताना तो देता येत नाही हे मला पटत नाही.

उद्यमबाग
हे मला माहीत नव्हते. लेखी हिशेब मागण्याला माझा विरोध नाही. ‘पैसे परत द्या’ या मागणीला मात्र अजूनही आहे.

वेदगंगा
सर्वांना एक सावधगिरीची सूचना. काल मला डिस्कॉर्डवर ‘नुकसानभरपाई सुरू झाली आहे, वॉलेट जोडा’ असा खाजगी मेसेज आला. कंपनीचेच चित्र, कंपनीचेच नाव. दुवा उघडल्यावर सीड फ्रेजचे, म्हणजे वॉलेटच्या गुप्त किल्लीचे, बारा शब्द भरण्यास सांगत होते. भरपाईसाठी कोणीही हे शब्द मागत नाही. ज्यांचे आधीच गेले आहे त्यांच्याकडे उरलेले काढून घेण्यासाठी ही माणसे याच वेळेची वाट पाहत असतात. घरात भाऊ-बहीण कोणी खेळत असतील तर त्यांना आजच सांगा.

शहापूरकर
वेदगंगा ताईंची सूचना मी बेळगावच्या दोन्ही व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पाठवली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वरच्या सगळ्या चर्चेवरून मी पत्राचा मसुदा असा केला आहे. कंपनीने टीमच्या आणि गुंतवणूकदारांच्या टोकनांची वॉलेट जाहीर करावीत आणि गेल्या वर्षभरात त्यांतून किती टोकन बाहेर गेली ते सांगावे. एकवीस दिवसांचा नियम अपडेटच्या आधी मिळवलेल्या बक्षिसाला लावू नये, आणि जे अडकले आहे ते मोकळे करावे. दुसऱ्याच्या खात्यावर खेळणाऱ्यांचा वाटा ठरवण्याची सोय करारातच असावी, म्हणजे मॅनेजरच्या मर्जीवर कोणाची मजुरी अवलंबून राहणार नाही, आणि ती होईपर्यंत लढतींच्या नोंदी खेळणाऱ्याने मागितल्यास त्याला द्याव्यात. खेळ बंद करायचा असेल तर तसे आधी कळवावे आणि पात्रांची चित्रे व माहिती कंपनीच्या सर्व्हरबाहेर, सर्वांना पाहता येईल अशा जागी ठेवावी. परताव्याची मागणी मी घातलेली नाही. कोणाला काही सुचवायचे असेल तर सुचवा. रविवारी इंग्रजी प्रत तयार करून पाठवू. ज्यांची नावे घालायची आहेत त्यांनी खेळातील खाते क्रमांक मला खाजगीत कळवावेत, इथे लिहू नयेत.

किल्लातलाव
माझे नाव घाला.

चंदगडी
माझेही. आमच्या बाजूचे आणखी पाच-सहा जण आहेत, त्यांना विचारून सांगतो.

वेदगंगा
लढतींच्या नोंदींची मागणी घातल्याबद्दल आभार. त्यात ‘खाते बंद झाले असले तरी’ एवढे शब्द वाढवा, नाहीतर ते म्हणतील की तुमचे खातेच अस्तित्वात नाही.

मलप्रभाकाठ
‘तसे आधी कळवावे’ हे फार मोघम आहे. तिथे ‘किमान ९० दिवस आधी’ असे लिहा. आणि पत्राला उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवे तेही घाला. तारीख नसलेल्या पत्राला उत्तर न देणे फार सोपे असते.

शहापूरकर
दोन्ही दुरुस्त्या केल्या. उत्तरासाठी पत्र पोहोचल्यापासून तीस दिवस दिले आहेत. इंग्रजी प्रत कणकुंबीकर करतील का? कराराच्या पत्त्यांचा भाग तुम्हीच नीट लिहू शकाल.

कणकुंबी_बंगळूर
करतो. शनिवारी रात्रीपर्यंत पाठवतो. करार बदलण्याची चावी एकाच वॉलेटकडे असल्याचा मुद्दा मसुद्यातून राहिला आहे, तो टोकनांच्या वॉलेटच्या मागणीलाच जोडून घालतो.